अरवलीच्या पायवाटांवरील पडझड : हसण्यावारी नेलेली दुखापत केव्हा महागात पडते

नवी दिल्ली : ऑक्टोबर संपत आला की दिल्लीची हवा थोडी सुसह्य होते आणि राजधानी परिसरातील माउंटन सायकलस्वारांचा हंगाम सुरू होतो. शनिवार-रविवारी पहाटे गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्याच्या कडेला मोटारी उभ्या राहतात, छतावरून व डिकीतून जाड टायरच्या सायकली उतरतात आणि ग्वाल पहाडी, मांगर, बंधवाडी या परिसरातील पायवाटांवर स्वारांचे छोटे छोटे गट पांगतात. दोन-तीन तासांनी हीच मंडळी धुळीने माखलेली, कोपर-गुडघे सोललेली, चहाच्या टपरीवर दिसतात. कोण कुठे आणि कसा पडला, याचेच किस्से तेव्हा रंगलेले असतात. हेल्मेटवरील कॅमेऱ्यात टिपलेली पडझड घरी पोहोचण्याआधीच गटाच्या व्हॉट्सॲपवर येते आणि तिच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. ‘पडलो तरी नाक वर’ ही म्हण या खेळाला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या खेळाला पडत असेल.

यात वावगे काही नाही. पडणे हा या खेळाचा भागच आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, माउंट टॅमलपायस डोंगराच्या परिसरात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ या नावाने ओळखली जाणारी उतारावरची पहिली शर्यत झाली. नावामागची हकिगतही गमतीची आहे. जुन्या वजनदार सायकलींचा मागच्या चाकातील ब्रेक त्या उतारावर इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. अशा सायकलींवरून सुरू झालेला हा खेळ २० वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. सायकली बदलल्या, शॉक ॲब्सॉर्बर आणि डिस्क ब्रेक आले. पडल्यावर हसण्याची रीत मात्र कायम राहिली. भीती काबूत ठेवण्याचा तो एक जुना मार्ग आहे. जो प्रत्येक खरचटण्याचा बाऊ करील, तो दुसऱ्यांदा उतारावर जाणारच नाही.

प्रश्न निर्माण होतो तो हसण्यावारी नेलेल्या दहा दुखापतींपैकी एखादी हसण्यासारखी नसते तेव्हा; आणि ती नेमकी कोणती, हे पडणाऱ्याला त्या क्षणी कळण्याची शक्यता सर्वांत कमी असते. कारण शरीरच तेव्हा त्याला फसवत असते. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील अँझियोच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ मध्ये एक निरीक्षण प्रसिद्ध केले. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांना वेदना इतक्या कमी जाणवत होत्या, की त्यांनी वेदनाशामक औषध नको म्हटले. तीव्र ताणाच्या प्रसंगी ॲड्रेनॅलिन उसळते, मेंदू स्वतःचीच वेदनाशामक रसायने सोडतो आणि दुखणे काही काळ दबून राहते. पायवाटेवर पडून लगेच उठलेल्या स्वाराचे ‘काही नाही झाले’ हे वाक्य त्यामुळे खोटे नसते. ते फक्त फार लवकर उच्चारलेले असते.

दिल्लीच्या परिसराची जमीनही क्षमाशील नाही. पुण्याच्या टेकड्यांवर पडणाऱ्याला निदान मुरूम आणि गवत भेटते. अरवलीची दिल्लीत येऊन संपणारी रांग प्रामुख्याने क्वार्टझाइट या कठीण खडकाची आहे; त्याच्या कडा धारदार आणि त्यावर पसरलेली खडी चाकाखाली गोट्यांसारखी सरकते. वाटांच्या दुतर्फा विलायती कीकर, म्हणजे आपल्याकडची वेडी बाभूळ, माजलेली. तिचा लांब काटा टायर भेदतो तसाच तळहातही. काटा आत मोडून राहिला तर जखम वरून भरते आणि आठवड्याने आतून ठणकू लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फरिदाबाद, गुरुग्राम व मेवात भागातील अरवलीत खाणकाम थांबवले. पण सोडून दिलेल्या खाणींचे उभे कडे व खड्डे तसेच आहेत आणि काही पायवाटा त्यांच्या काठाकाठाने जातात. त्यात अचानक आडवी येणारी नीलगाय आणि पाठलाग करणारी भटकी कुत्री यांची भर.

पडण्याचा सर्वांत धोकादायक प्रकार म्हणजे हँडलवरून पुढे फेकले जाणे. पुढचे चाक खाचेत किंवा दगडाला अडते, अथवा पुढचा ब्रेक घाबरून दाबला जातो. सायकल थांबते, स्वार थांबत नाही. अशा वेळी तीन गोष्टी संभवतात आणि तिन्हींत वरवर काही दिसत नसतानाही आत बरेच काही घडलेले असू शकते.

पहिली गोष्ट हाताची. पडताना माणूस सहजप्रवृत्तीने हात पुढे टेकतो. त्या धक्क्याने मनगटातील स्कॅफॉइड नावाचे काजूच्या आकाराचे लहान हाड तडकते. सूज थोडी, हात हलतो, बोटे हलतात. म्हणून ‘मुरगळले असेल’ असे म्हणून क्रेप बँडेज गुंडाळले जाते. पहिल्या एक्स-रेमध्येही ही तड अनेकदा दिसत नाही. या हाडाचा रक्तपुरवठा उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकाकडून मागे येतो. तड गेली की मागच्या तुकड्याचे रक्त तुटते. तो तुकडा जुळत नाही, प्रसंगी मृत होतो आणि काही वर्षांत मनगटाचा संधिवात जडतो. अंगठा ताणून धरला असता त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तेथे दाबल्यावर दुखत असेल तर एक्स-रे निर्दोष असला तरी मनगट प्लास्टरमध्ये ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी किंवा एमआरआय करणे ही अस्थिरोगशास्त्रातील रूढ पद्धत आहे. संगणकावर काम करून पोट भरणाऱ्या गुरुग्राममधील मंडळींना उजव्या मनगटाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट पोटाची. हँडलचे टोक पोटात घुसते तेव्हा कातडीवर फार तर एक गोल वळ उमटतो. आत मात्र प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. मुलांमध्ये हा धोका विशेष, कारण त्यांच्या पोटाचे स्नायू पातळ असतात. प्लीहेतील रक्तस्राव कधी कधी काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही उघड होतो. वाढत जाणारी पोटदुखी, डाव्या खांद्यात विनाकारण उठणारी कळ, उभे राहिल्यावर अंधारी, थंड घाम ही त्याची चिन्हे. खांदा आपटलेलाच नाही, मग तो का दुखतो, असा प्रश्न पडला तर उत्तर पोटात शोधावे लागते.

तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट डोक्याची. या बाबतीत जगाला ठाऊक असलेले उदाहरण सायकलचे नव्हे, बर्फावरचे आहे. ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन १६ मार्च २००९ रोजी कॅनडातील माँ-त्राँब्लां येथे नवशिक्यांच्या सौम्य उतारावर स्कीइंग शिकताना पडल्या. त्या उठल्या, हसत-बोलत राहिल्या. बोलावलेली रुग्णवाहिका परत पाठवण्यात आली. तासाभराने डोके दुखू लागले. १८ मार्च रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले, वय ४५. कवटी आणि मेंदूचे बाह्य आवरण यांच्यामध्ये झालेला रक्तस्राव हे मृत्यूचे कारण होते. या प्रकारच्या रक्तस्रावात पडणे आणि ढासळणे यांच्यामध्ये शुद्धीचा एक काळ येऊ शकतो. माणूस चालतो, बोलतो, विनोद करतो आणि त्याच वेळी आत रक्त साठत असते. वेळेवर सीटी स्कॅन व शस्त्रक्रिया झाली तर हा रक्तस्राव बरा होण्याजोगा असतो, हे त्यातले विशेष बोचणारे सत्य.

व्यावसायिक सायकलपटूही याला अपवाद नाहीत. ११ सप्टेंबर २०२० रोजी टूर द फ्रान्सच्या तेराव्या टप्प्यात फ्रेंच सायकलपटू रोमां बार्दे जोरात पडला, उठताना डगमगला, तरी सायकलवर बसला आणि टप्पा पूर्ण केला. संध्याकाळच्या तपासणीत मेंदूत लहानसा रक्तस्राव आढळला आणि त्याला स्पर्धा सोडावी लागली. त्यानंतर तीन महिन्यांनी आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, याविषयीची कार्यपद्धती जाहीर केली. जगातील सर्वोत्तम वैद्यकीय पथके मोटारीतून मागे येत असताना जे निसटते, ते मांगरच्या जंगलात मित्रांच्या नजरेतून निसटण्यात नवल नाही.

हेल्मेट असले की डोके सुरक्षित, हा समजही अर्धाच खरा आहे. भारतात सायकलस्वाराला हेल्मेटची कायदेशीर सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकलपुरते आहे. तरीही पायवाटांवरील बहुतेक गटांत हेल्मेटशिवाय कोणाला येऊ देत नाहीत, ही स्वागतार्ह गोष्ट. मात्र युरोपीय मानक ईएन १०७८ नुसार सायकल हेल्मेटची सपाट पृष्ठभागावरील चाचणी सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर वेगाने होते. हा वेग सुमारे दीड मीटर उंचीवरून पडल्याइतका. उतारावर ताशी ३० किलोमीटरने जाणारा स्वार उभ्या दगडावर आदळला तर तो आघात साडेतीन मीटर उंचीवरून पडण्यासारखा होतो. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवते. मेंदूचे आतल्या आत हिंदकळणे ते कमी करते, पूर्ण थांबवत नाही. शिवाय आतला फोम एकदाच चिरडण्यासाठी बनवलेला असतो. जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून नवेकोरे दिसले तरी त्याचे काम संपलेले असते. ‘हेल्मेट फुटले, डोके वाचले’ अशा मथळ्याचे छायाचित्र हौसेने पाठवले जाते. डोके वाचले की नाही, हे त्या छायाचित्रातून कळत नाही.

मग काय पाहावे? पडलेल्याला ‘बरा आहेस ना?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नसतो, कारण उत्तर ठरलेले असते. आपण कुठे आहोत, येथे कोणत्या वाटेने आलो, आधी कोण पडले होते, हे विचारावे. तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत असेल, पडण्याआधीचे आठवत नसेल, बोलणे मंदावले असेल, गरगरत असेल, तर त्या दिवसाची सायकल तेथेच संपली. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, झटका, हातापायात दुबळेपणा, जागे करण्यास कठीण जाणारी झोप, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. मान दुखत असेल तर त्याला उचलून बसवू नये, हेल्मेटही ओढून काढू नये. पहिले २४ तास त्याला एकटे सोडू नये आणि ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. येथे राजधानी परिसरातील एक वास्तव ध्यानात घ्यावे लागते. या पायवाटांवर पंचेचाळिशी-पन्नाशीतील स्वारांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्यापैकी काही हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतात. सोबतीच्या गटाला हे ठाऊक असणे हेल्मेटइतकेच आवश्यक आहे.

कन्कशन झालेल्याने परत सायकलवर केव्हा बसावे, याचे उत्तरही आता बदलले आहे. अंधाऱ्या खोलीत दिवसेंदिवस पडून राहण्याचा जुना सल्ला मागे पडला. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने पहिले एक-दोन दिवस बेताची विश्रांती आणि नंतर चालण्यासारख्या हलक्या हालचाली सुचवल्या. पुन्हा पडण्याचा धोका असलेल्या वाटेवर मात्र लक्षणे पूर्ण गेल्यानंतर आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतरच जायचे. पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर नुकसान कितीतरी पटींनी वाढते.

लहान जखमांचेही दोन हिशेब चुकवता येत नाहीत. मातीने भरलेल्या जखमेत धनुर्वाताचा धोका असतो; अशी जखम झाली आणि शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा लस घ्यावी लागते. कुत्रा मागे लागून पडणे हा तर दिल्लीतील हमखास किस्सा. त्यात पोटरीवर उमटलेला दाताचा किंवा नखाचा ओरखडा काट्यांच्या ओरखड्यांत बेमालूम मिसळून जातो. रक्त न आलेल्या ओरखड्यासाठीही जागतिक आरोग्य संघटना जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुण्यास आणि रेबीजची लस घेण्यास सांगते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार उरत नाही.

या पडझडीची कोठे नोंदही होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात रस्त्यावर मृत्यू पावलेल्या सायकलस्वारांचा आकडा असतो. पायवाटेवर एकट्याने पडलेला स्वार त्यात बसत नाही. विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या प्रमुख सुनीता नारायण यांना ऑक्टोबर २०१३ मध्ये एम्सजवळ मोटारीने धडक दिली, तेव्हा दिल्लीतील सायकलस्वारांच्या सुरक्षेची देशभर चर्चा झाली. अरवलीतील वाटेवर मोडलेल्या मनगटाची चर्चा चहाच्या टपरीपुरती राहते. त्यातच त्या वाटेपर्यंत रुग्णवाहिका पोहोचू शकत नाही आणि खोलगट भागांत मोबाइलला रेंजही मिळत नाही. म्हणून काही जाणते गट आता निघण्यापूर्वी मोटार जाऊ शकेल अशा जवळच्या ठिकाणाचे गुगल लोकेशन सर्वांना पाठवून ठेवतात, ११२ वर कोणी फोन करायचा हे ठरवतात आणि पडलेल्याला घरी कोणी सोडायचे तेही. स्वतः मोटार चालवत परतण्याचा त्याचा आग्रह मोडून काढणे हे बहुधा त्या सकाळचे सर्वांत अवघड काम ठरते.