ठिणगीची वेळ : पुरातल्या होडीचे इंजिन

आउटबोर्ड मोटरचे टायमिंग लावणे म्हणजे पिस्टन नेमका कुठे असताना प्लगवर ठिणगी पडावी, हे ठरवून देणे. सिलिंडरमधले पेट्रोल आणि हवेचे मिश्रण एका झटक्यात जळत नाही. ज्योत पसरायला थोडा अवधी लागतो. पिस्टन वरच्या टोकाला पोचून खाली वळल्यावर, क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) साधारण १० ते १५ अंश फिरलेला असताना, दाब सर्वाधिक असेल तर त्याचा पुरा जोर पंख्याला मिळतो. म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर क्रँक सेकंदाला ३०,००० अंश फिरतो. २० अंश आधी पडलेल्या ठिणगीपासून पिस्टन वर पोचेपर्यंत सेकंदाचा हजारावा भागही जात नाही.

महाड आणि पोलादपूरला या अंशांचे मोल पावसाळ्यात कळते. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीला मिळते. घाटावरचा मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की पाणी तुंबते आणि महाडच्या बाजारपेठेत शिरते. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. त्यांचा शोध अनेक दिवस नदीतून आणि खाडीतून चालला. जुलै २०२१च्या महापुरात अडकलेल्यांना बाहेर काढायला पुन्हा बोटीच लागल्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एनडीआरएफ) रबरी बोटींना मागे आउटबोर्ड मोटर असते. धारेत इंजिन बंद पडले की बोट आडवी होऊन प्रवाहाबरोबर जाते.

ठिणगी उशिरा पडली तर जोर घटतो, इंजिन तापते आणि धूर वाढतो. फार आधी पडली तर पिस्टन वर चढत असतानाच दाब वाढतो. नॉकिंग होते आणि पिस्टनला भोकही पडू शकते. पुराच्या गाळाने थंड पाण्याची वाट अडली, की तापलेल्या इंजिनात हा धोका आणखी वाढतो.

ठिणगी देणाऱ्या जुन्या पॉइंटच्या मॅग्नेटोत आधी पॉइंटमधले अंतर फीलर गेजने लावतात. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक ठिणगीच्या (सीडीआय) इंजिनांत पॉइंट नसतात. पण अनेक टू-स्ट्रोक इंजिनांत फ्लायव्हीलखालची तबकडी थ्रॉटलच्या दांडीला जोडलेली असते. थ्रॉटल उघडले की तबकडी फिरते आणि ठिणगी आणखी आधी पडते.

मुख्य मुद्दा पिस्टनचे वरचे टोक अचूक शोधण्याचा. तिथे पिस्टन काही अंश जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे नुसत्या नजरेने चूक होते. वरच्या सिलिंडरचा प्लग काढून त्या भोकात डायल गेज बसवतात. पिस्टन चढताना ठरावीक खोलीवर फ्लायव्हीलवर एक खूण आणि उतरताना त्याच खोलीवर दुसरी खूण करतात; दोन्हींचा मध्य हेच खरे टोक. फ्लायव्हीलशेजारचा टायमिंगचा काटा त्याच जागी शून्य दाखवायला हवा. फ्लायव्हील नेहमीच्या दिशेनेच फिरवावे, उलट फिरवल्यास पाण्याच्या पंपातल्या इंपेलरच्या पाकळ्या दुमडतात.

त्यानंतर इंजिनाचे खालचे तोंड पाण्याच्या पिंपात बुडवून ते सुरू करतात. पाण्याशिवाय ते चालवले की इंपेलर जळतो. टायमिंग लाइटची चिमटी वरच्या प्लगच्या वायरला लावली की प्रत्येक ठिणगीला दिवा चमकतो आणि फिरते फ्लायव्हील थांबल्यासारखे दिसते. खूण काट्यापाशी कुठे आहे, ते वाचून दांडीची आणि पुढच्या टोकाच्या थांब्याची लांबी स्क्रूने बदलतात. आकडे मात्र त्याच मॉडेलच्या पुस्तकातले घ्यायचे. क्रमही ठरलेला असतो : आधी टायमिंग, मग कार्बोरेटरचा थ्रॉटल तबकडीशी जुळवणे आणि शेवटी आयडलिंग.

सगळे बरोबर लावूनही खूण सरकली, तर फ्लायव्हीलखालची छोटी की तपासावी. नट सैल असेल तर ती कापली जाते आणि टायमिंग अचानक बिघडते. ती बदलून नट पुस्तकातल्या मापाने घट्ट केला की दिव्याखाली पुन्हा एकदा पाहायचे. हे सारे मे महिन्यात, नदी शांत असताना उरकावे. पूर आल्यावर सवड नसते.