शिरपूरचा झरोका

मंडळी, धीर म्हणजे काय, ते आपल्याच वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरला पाहू. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरावरून दिगंबर-श्वेतांबरांचा वाद. १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटल्या, १९२९ मध्ये निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, आणि १९८१ पासून कुलूप. अनेकांत सांगणाऱ्या धर्मात हे! (कुठल्या धर्मात नाही म्हणा.) २०२३ पर्यंत, ४२ वर्षं, दोन्हीकडचे भाविक दाराच्या झरोक्यातूनच दर्शन घेत राहिले.

श्रद्धा म्हणजे खात्री, असं आम्ही वर्गात शिकवायचो. ते अपुरं होतं. झरोक्याशी वाकणाऱ्याला कुलूप कधी निघेल याची कसली खात्री? तरी तो वाकायचा. त्याचा खटला देवाशी नव्हता ना! कुलूप निघालं, अन् काही दिवसांतच पुन्हा हाणामारी झाली.