गाडी बोअरला यायची, तेव्हापासून

गाडी धूर मारायला लागली, चढावर दम टाकायला लागली, की मिस्त्री सांगायचे, 'बोअरला आली.' मग हेड उतरायचं, सिलिंडर बोअरिंगवाल्याकडे जायचा, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन नव्या रिंगांसह बसायचा आणि गाडी आणखी काही वर्षं पळायची. पुढच्या खेपेला अर्धा मिलिमीटर. हे जमायचं, कारण सिलिंडरची आतली भिंत बिडाची असायची. बिडातला ग्रॅफाइट स्वतःच थोडंफार वंगण देतो आणि ही भिंत, म्हणजे लायनर, इतका जाड असतो की थोडा कातला तरी बराच उरतो.

पण बीड जड, शिवाय उष्णता सावकाश सोडणारं. ॲल्युमिनियम हलकं, उष्णता झपाट्याने सोडणारं. मात्र त्याच्या उघड्या भिंतीवर ॲल्युमिनियमचाच पिस्टन घासला, की दोन्ही एकमेकांना धरतात आणि इंजिन जाम होतं. गेल्या साठेक वर्षांतली बहुतेक धडपड या एका अडचणीतून सुटण्यासाठी झाली.

जर्मनीच्या माले कंपनीने १९६७मध्ये निकासिल आणलं, तेही आधी एनएसयू आरओ ८० या मोटारीच्या वांकेल म्हणजे रोटरी इंजिनासाठी. निकेलचा मुलामा चढवतानाच त्या द्रावणात सिलिकॉन कार्बाइडचे काही मायक्रॉनचे कण तरंगत ठेवायचे. निकेल बसता बसता कणांना आपल्यात धरून ठेवतं. सगळा थर मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही जाड नसतो. मग हिऱ्याच्या दगडांनी होनिंग केलं, की तिरक्या रेघा उमटतात आणि त्यांत तेल टिकून राहतं. पोर्शने हा लेप आधी ९१७ या शर्यतीच्या गाडीत वापरला, नंतर १९७३च्या ९११ कॅरेरा आरएसमध्ये. जाड लायनरची गरज उरली नाही म्हणून तिचा बोअर ८४वरून ९० मिलिमीटरवर नेता आला आणि इंजिन २३४१ सीसीवरून २६८७ सीसीवर गेलं. केवळ मुलाम्याने एवढी जागा मोकळी करून दिली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

अमेरिकेत शेव्हरोलेने व्हेगासाठी १९७१ साली निराळी वाट धरली. लायनर नाही, लेपही नाही. मिश्रधातूतच सुमारे १७ टक्के सिलिकॉन. भिंतीवरचं ॲल्युमिनियम किंचित खाऊन टाकायचं, म्हणजे सिलिकॉनचे कण वर येतात. लोखंडाचा मुलामा इथे पिस्टनच्या स्कर्टवर दिला. इंजिनं तापली, भिंती खरवडल्या, गाड्या तेल पिऊ लागल्या आणि कित्येकांत शेवटी बिडाच्या स्लीव्ह ठोकाव्या लागल्या. कल्पना मात्र वाया गेली नव्हती. लहान रेडिएटरने तिचा घात केला, असं माझं मत आहे. असाच सिलिकॉनचा मिश्रधातू पुढे जर्मन गाड्यांत वर्षानुवर्षं टिकला.

निकासिलची परीक्षा १९९०च्या दशकात झाली. बीएमडब्ल्यूने व्ही-८ इंजिनांत ते वापरलं, पाठोपाठ जग्वारनेही. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळणाऱ्या काही पेट्रोलमध्ये गंधक जास्त होतं. इंजिन नीट तापण्याआधीच बंद झालं, की भिंतीवर ओल धरायची, गंधकामुळे तिचं आम्ल व्हायचं आणि ते निकेल खायचं. कॉम्प्रेशन गेलं, गाड्या सकाळी सुरू होईनात. बीएमडब्ल्यू सिलिकॉनच्या मिश्रधातूकडे वळली, जग्वार बिडाच्या स्लीव्हकडे परतली.

त्यानंतर फवारणी आली. तार वितळवून लोखंडाचा बारीक थर बोअरमध्ये उडवायचा. निसानने जीटी-आरमध्ये आणि मर्सिडीजनेही हे आणलं. फोर्डने २०११च्या शेल्बी जीटी ५००मध्ये. या थरातली सूक्ष्म छिद्रं तेल धरून ठेवतात. पिस्टनच्या बाजूने काम सोपं होतं: पूर्वी कथलाचा मुलामा, आता स्कर्टवर ग्रॅफाइटचा काळा पट्टा, रिंगांवर क्रोम किंवा मॉलिब्डेनम.

आपल्याकडे २००८च्या यामाहा आर१५मध्ये सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा सिलिंडर आला. २०१२मध्ये चाकणला बनणारी केटीएम ड्यूक २०० निकासिल घेऊन आली. गंधकाचं भय आता मागे पडलं आहे. २०१०मध्ये देशाच्या बहुतांश भागात पेट्रोलमधल्या गंधकाला १५० पीपीएमची मर्यादा होती, एप्रिल २०२०पासून ती १० आहे. दोन्हींतला फरक हाताला कळतो. बिडाच्या वापरलेल्या बोअरवरून नख फिरवलं तर वरच्या टोकाशी, रिंग जिथून परत फिरते तिथे, कड लागते. निकासिलचा बोअर खूप चालूनही तिथे गुळगुळीत लागतो आणि होनिंगच्या रेघाही बहुधा दिसतात.

मात्र निकासिलचा बोअर एकदा चरे पडून खराब झाला, की गल्लीतला बोअरिंगवाला काही करू शकत नाही. थर कातला की खाली उघडं ॲल्युमिनियमच. नवा ब्लॉक घ्यायचा, बिडाची स्लीव्ह बसवायची, नाहीतर जुना मुलामा उतरवून नवा चढवून घ्यायचा. लेप देणाऱ्या कंपन्यांनी पुन्हा मुलामा चढवण्याची सोयही रास्त दरात गावोगावी पोचवायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. तोवर अशा गाडीचा एअर फिल्टर फाटका चालवू नये आणि कूलंट कमी पडू देऊ नये. धूळ आणि ताप, बोअर जातो तो बहुधा या दोन्हींनीच.