हौद, खांब आणि नियमांचा कागद : अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची गोष्ट

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की व्यायामशाळेच्या इतिहासावर तासभर काय बोलणार? जोर, बैठका आणि हनुमान जयंती, एवढंच तर असतं. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे संस्थांचा इतिहास बहुतेक वेळा सुवर्णमहोत्सवी किंवा शताब्दी स्मरणिकेत लिहिला जातो. त्यात संस्थापकांचे फोटो असतात, मान्यवरांचे शुभसंदेश असतात आणि मधल्या पानांवर सराफांच्या जाहिराती. त्यातून संस्था मोठी आहे हे कळतं, पण ती कशामुळे टिकली हे कळत नाही. आज आपण हा दुसरा प्रश्न घेऊ.

सुरुवात अमरावतीपासून न करता थोडी लांबून करतो. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात १८५८ साली टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेट बंद असतं, पोरं सुस्तावतात, तेव्हा फुटबॉलचा एक क्लब काढा आणि त्याचे नियम ठरवायला एक समिती नेमा, असं त्याचं म्हणणं. पुढच्या वर्षी, १७ मे १८५९ ला, मेलबर्न क्लबच्या काही सभासदांनी बसून दहा नियम कागदावर उतरवले. अवघे दहा! पाय अडकवून पाडायला परवानगी, ढकलायला परवानगी, पण नडगीवर लाथ मारायची नाही. त्याचं कारण मोठं व्यवहारी होतं. इंग्लंडच्या शाळांत पोरं एकमेकांच्या नडग्या फोडत ते ठीक, पण इथे खेळणारे नोकरीधंद्याचे बाप्ये होते, त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. शिवाय जमीन कडक. आज ज्याला ऑस्ट्रेलियन रुल्स फुटबॉल म्हणतात, तो खेळ या कागदातून वाढला. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम त्यानंतर चार वर्षांनी, १८६३ साली आले.

आता गंमत बघा. त्या खेळाच्या नावातच ‘रुल्स’ आहे. क्लबने मैदान बांधलं म्हणून तो खेळ टिकला असं नाही. ‘आपण असं असं खेळायचं’ हे क्लबने लिहून ठेवलं, तो कागद दुसऱ्या गावाला पाठवता आला, आणि दुसऱ्या गावाचा संघ तोच खेळ खेळू लागला. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो वऱ्हाडात परत लागणार आहे.

वऱ्हाडाची परिस्थिती वेगळी. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, १९०३ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने मध्य प्रांताला जोडला गेला. रेल्वे आली, कापसाचे गंज लागले, अकोला आणि अमरावतीला जिनिंग-प्रेसिंग उभे राहिले. हाती पैसा खेळू लागला तसा शिकलेला वर्गही तयार झाला. १८९७ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन अमरावतीला भरलं. (सहज सांगतो, मेलबर्न आणि आसपासच्या आठ क्लबांनी आपली व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू केली ती त्याच वर्षी. दोन्ही गावांना एकमेकांचा पत्ताही नसेल.) दादासाहेब खापर्डे यांच्यासारखे टिळकांचे जवळचे स्नेही अमरावतीत होते, त्यामुळे टिळकांच्या राजकारणाचं वारं इथे थेट पोचत होतं.

त्यात १८७८ च्या शस्त्र कायद्याची भर. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही. मग हातात काय उरलं? लाठी, लेझीम आणि स्वतःचं शरीर. त्या काळात गावोगाव आखाडे निघाले त्यामागे ही सगळी कारणं होती. नुसती देशभक्ती म्हणून सोडून देणं आम्हाला पटत नाही. पोरांना संध्याकाळी जायला एक जागा हवी होती, हेही कारण होतंच की.

अशा वातावरणात १९१४ साली अमरावतीत अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमानाच्या नावाने आखाडा सुरू केला. पुढे त्याचंच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. नावातला मधला शब्द पाहा : ‘प्रसारक’. वऱ्हाडात तालमींना तोटा नव्हता. प्रत्येक पुऱ्यात एक हौद, एक उस्ताद, चार पठ्ठे. पण तालमीतलं ज्ञान उस्तादाजवळ असायचं. त्याची मर्जी असेल तर डाव शिकवणार, नाहीतर एखादा ठेवणीतला डाव मरेपर्यंत राखून ठेवणार. उस्ताद गेला की तालीम ओस. आपल्यापैकी ज्यांचं बालपण जुन्या अमरावतीत किंवा अकोल्याच्या जुन्या शहरात गेलं, त्यांनी असे बुजलेले हौद पाहिले असतील. बाजूला हनुमानाचं देऊळ तेवढं शाबूत राहतं.

‘प्रसारक’ म्हणजे याच्या उलट. शिकलेलं दुसऱ्याला शिकवायचं, आणि शिकवणारे तयार करायचे. मंडळाने शिक्षकांसाठी शारीरिक शिक्षणाचे वर्ग चालवले. सुट्टीत शाळामास्तरांनी यायचं, कवायत, लाठी, लेझीम, मल्लखांब, देशी खेळ शिकायचे आणि आपल्या शाळेत जाऊन पोरांना शिकवायचे. आमच्या मते मंडळाच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. आखाड्यातून दहा पैलवान निघाले तर दहा घरांत नाव होतं. आखाड्यातून दहा मास्तर निघाले तर दहा शाळांत खेळ जातो.

पण मास्तरला शिकवायचं तर एक अडचण येते. काय शिकवायचं? हुतूतूचंच घ्या. आज आपण टीव्हीवर कबड्डी बघतो तेव्हा वाटतं हा खेळ असाच होता. नव्हता. एका प्रकारात बाद झालेला गडी समोरचा कोणी बाद झाला की परत जिवंत व्हायचा. ती संजीवनी. दुसऱ्यात एकदा बाद झाला की पूर्ण डाव होईपर्यंत बाहेरच बसायचा. ती गेमिनी. तिसऱ्यात कोणी बाहेर जायचंच नाही, नुसते गुण मोजायचे. तो अमर. मैदान केवढं, गडी किती, दम कुठे सुटला म्हणायचं, हे गावागणिक वेगळं. अकोल्याचा संघ अमरावतीला आला तर पहिला अर्धा तास भांडणात जाणार. ‘आमच्याइकडं असं नाई चालत’ हे वाक्य वऱ्हाडात प्रत्येक खेळाच्या आधी ऐकू यायचं.

म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत पुणे, सातारा, बडोदा या ठिकाणच्या जिमखान्यांनी हुतूतू आणि खो-खोचे नियम लिहून काढायला घेतले. खो-खोसाठी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने पुढाकार घेतला, तोही १९१४ च्या सुमारास, म्हणजे अमरावतीचा आखाडा सुरू झाला त्याच वेळी. इथे आपला मेलबर्नचा कागद परत येतो. फरक एवढाच, की मेलबर्नला एका बैठकीत दहा नियम झाले, आपल्याकडे ही घासाघीस दशकानुदशकं चालली. आज कबड्डीत सामन्याच्या शेवटी गुण मोजतात, समोरचा बाद झाला की आपला बाहेर बसलेला गडी आत येतो आणि सगळा संघ गारद केला की जादा गुण मिळतात. नीट पाहिलं तर त्यात वरच्या तिन्ही प्रकारांचा अंश सापडतो. या खेळाच्या अखिल भारतीय महासंघाची स्थापना १९५० ची.

आता १९३६. अमरावतीत या मंडळाचं नाव काढलं की पहिलं वाक्य हेच येतं : आमचे लोक बर्लिन ऑलिम्पिकला गेले होते. खरं आहे, गेले होते. मंडळाच्या तरुणांनी तिथे कबड्डी आणि इतर देशी खेळ, व्यायामप्रकार करून दाखवले. त्या काळी या गावातून आगगाडीने मुंबई आणि तिथून बोटीने युरोप, हा प्रवास म्हणजे केवढी गोष्ट! पण या घटनेभोवती दोन गैरसमज आहेत आणि ते दूर व्हायला हवेत.

एक असा, की कबड्डी हा बर्लिन ऑलिम्पिकचा अधिकृत प्रात्यक्षिक खेळ होता. नव्हता. १९३६ चे अधिकृत प्रात्यक्षिक खेळ दोन : बेसबॉल आणि ग्लायडिंग. आपल्या मंडळींचं प्रात्यक्षिक ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथे जमलेल्या आंतरराष्ट्रीय मेळाव्यातलं, स्पर्धेच्या कार्यक्रमाबाहेरचं. यात कमीपणा काहीच नाही. उलट आम्हाला तर हे जास्त मोलाचं वाटतं, कारण मेळाव्यातले प्रेक्षक शारीरिक शिक्षणाचे विद्यार्थी आणि शिक्षक होते. ‘प्रसारक’ मंडळाला यापेक्षा योग्य प्रेक्षक कुठे मिळणार? ऑस्ट्रेलियनांना मात्र अधिकृत मान मिळाला, पण तो स्वतःच्या घरी. १९५६ चं ऑलिम्पिक मेलबर्नला भरलं तेव्हा त्यांनी आपलं फुटबॉल प्रात्यक्षिक म्हणून ठेवलं. त्यानंतर ऑलिम्पिकच्या वाटेवर तो खेळ पुढे सरकला नाही.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. हिटलरने आपल्या खेळाडूंचं कौतुक केलं, ही आठवण अमरावतीत अजून छाती फुगवून सांगितली जाते. ते ऐकताना आम्हाला संकोच वाटतो. १९३६ चं बर्लिन म्हणजे सुंदर शरीरांचा देखावा मांडून राजवटीचा चेहरा झाकण्याचा सोहळा होता. ज्यू खेळाडूंना तिथल्या क्लबांतून आधीच हाकलून दिलेलं होतं. क्लबांतून हाकललेले! आपण क्लबांच्या इतिहासावर बोलतोय म्हणून हे मुद्दाम सांगतो. वैद्य बंधूंच्या शिष्यांना गुलाम देशातून येऊन आपले खेळ जगाला दाखवायचे होते. त्यांची धडपड प्रामाणिक होती आणि तिचं श्रेय त्यांचंच आहे. त्याला त्या माणसाच्या शाबासकीची ठिगळं लावायची गरज नाही. स्मरणिकेत एक ओळ कमी झाली तरी काही बिघडत नाही.

असल्या ओळी सगळीकडेच असतात म्हणा. ऑस्ट्रेलियात मूळनिवासी लोक ‘मार्नग्रूक’ नावाने चेंडूचा खेळ खेळत. त्याची छाप विल्सच्या खेळावर पडली की नाही, यावर तिथल्या इतिहासकारांत अजून खडाजंगी चालते. लहानपणी विल्स मूळनिवासी मुलांत वाढलेला, त्यांची भाषा बोलणारा. पण १८५९ च्या कागदावर सही करायला त्यांच्यापैकी कोणी नव्हतं. आपल्याकडेही विचारायला हवं, की आखाड्याच्या हौदात कोणाची पोरं उतरत होती आणि कोणाची कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती. गावोगावच्या तालमींच्या बाबतीत हे जुन्या माणसांना विचारून ठेवण्यासारखं आहे, आणि ती माणसं आता फार उरलेली नाहीत.

मल्लखांबाबद्दल दोन शब्द, कारण मंडळाची ती ओळख आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधर यांनी हा प्रकार रूढ केला असं मानतात. जमिनीत पुरलेला लाकडी खांब, वर निमुळता होत गेलेला, त्याला एरंडेल चोळायचं. मुळात ही पैलवानाची तयारी : समोर जोडीदार नाही, म्हणून खांबाला मिठ्या मारायच्या, पकड कमवायची. हळूहळू कुस्ती बाजूला राहिली आणि खांबावरचे उड्या, पकडी, तोल हीच स्वतंत्र कला झाली. दोराचा मल्लखांब आला. पुरुषांच्या हौदात ज्या पोरींना कधी पाऊल टाकता आलं नसतं, त्या आज दोरावर चढून आसनं करतात. खेळाला नियम आणि शिक्षक मिळाला, की तो मूळ मालकांच्या हातातून असा सुटतो.

हुतात्मा राजगुरूंच्या चरित्रांतही अमरावतीच्या या आखाड्याचा उल्लेख येतो. त्याबद्दल आपल्याकडे बरंच बोललं जातं, म्हणून आज आम्ही त्यात शिरत नाही.

स्वातंत्र्यानंतर मंडळाने महाविद्यालयाचा मार्ग धरला. शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय निघालं, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयसुद्धा. काहींना ही वाट चुकली असं वाटतं. आखाड्याने इंजिनिअर कशाला घडवायचे? त्यांचा सूर आम्हाला समजतो. पण मेलबर्नकडे परत बघा. तिथल्या साऊथ मेलबर्न क्लबला कर्जापायी १९८२ मध्ये गाव सोडून सिडनीला जावं लागलं. फिट्झरॉय हा शंभर वर्षांहून जुना क्लब १९९६ मध्ये ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. टीव्हीच्या पैशावर चालणारा खेळ झाला, की गावाचा क्लब गावात राहीलच असं नाही. अमरावतीचं मंडळ फीच्या पैशावर का होईना, त्याच गावात आहे. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली, मंडळाच्या शंभराव्या वर्षी. तिच्यात संघ विकले जातात, खेळाडूंचा लिलाव होतो. त्यातला पैसा वऱ्हाडातल्या मातीच्या मैदानापर्यंत किती पोचतो, हे इथे बसलेले क्रीडाशिक्षक आमच्यापेक्षा चांगलं सांगतील.

कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्ण घेतलं. खो-खोचा पहिला विश्वचषक २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत आपणच जिंकलो. १९३६ ते १९९० म्हणजे चोपन्न वर्षं. बर्लिनला दम घेऊन धावलेल्यांपैकी बहुतेकांना तो दिवस बघायला मिळाला नसणार. तुमच्यापैकी कोणाच्या घरी त्या काळातले वर्गांचे दाखले, नियमांच्या पुस्तिका, गटाचे फोटो असतील तर रद्दीत घालू नका. आम्हाला दाखवा, त्यांचे फोटो काढून परत करू. आता प्रश्न घेऊया. मागे बसलेल्या काकांचा हात मघापासून वर आहे, त्यांना आधी बोलू द्या.