शाब्लीची द्राक्षे

पॅरिसच्या आग्नेयेस सुमारे १८० किलोमीटरांवर, सेरँ नावाच्या लहानशा नदीच्या काठी, शाब्ली हे गाव वसले आहे. बर्गंडी प्रांताच्या या उत्तर टोकावर ज्या श्वेत मद्यास गावाचेच नाव मिळाले, ते केवळ शार्दने या एकाच जातीच्या द्राक्षांपासून तयार होते. फिकट, किंचित हिरवट झाक असलेला पिवळा रंग आणि जिभेस जाणवणारी आम्लता ही त्याची ओळख होय. शार्दने आज जगभर पिकते. मग शाब्लीची चव वेगळी का, या प्रश्नाचे उत्तर स्थानिक लोक प्रथम पायाखालच्या मातीत शोधतात.

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी साचलेल्या चुनखडीच्या व चिकणमातीच्या थरांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील किमरिज या खेड्याचे नाव मिळाले आहे. नांगराच्या फाळाबरोबर तेथे स्वल्पविरामाच्या आकाराच्या इवल्याशा कालवांचे जीवाश्म वर येतात. शाब्लीचे मद्य कालवांसोबत घेण्याची फ्रेंच रीत असल्याने या योगायोगाचे कौतुक फार होते. परंतु शिंपल्यांची चव मुळांवाटे द्राक्षात उतरते, असे मानण्यास आधार नाही. पाण्याचा निचरा करणारी आणि तरीही ओल धरून ठेवणारी माती, उतारावरील ऊन आणि थंड हवामान यांचा हिस्सा अधिक मोठा असावा. सर्वोच्च दर्जाचे सात मळे नदीच्या उजव्या तीरावरील एकाच नैर्ऋत्याभिमुख उतारावर, जेमतेम १०० हेक्टरांत सामावलेले आहेत.

मध्ययुगात जवळच्या पाँतिन्यी येथील मठाच्या साधूंनी हे मळे जोपासले. पुढे ओसेरहून यॉन नदीमार्गे मद्याची पिंपे पॅरिसला जाऊ लागली. एकोणिसाव्या शतकात यॉन परगण्यात सुमारे ४०,००० हेक्टर जमीन द्राक्षाखाली होती. नंतर रेल्वेने दक्षिणेचे स्वस्त मद्य राजधानीत आणले, आणि फिलॉक्सेरा या मुळांतील रस शोषणाऱ्या किडीने उरलेसुरले मळे उद्ध्वस्त केले. १९३८ साली शाब्ली या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले खरे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे अवघे ५०० हेक्टरांच्या आसपास मळे शिल्लक होते.

याचे एक कारण दहिवर. एप्रिलमध्ये वेलीचे डोळे फुटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत निरभ्र रात्री थंड हवा दरीत उतरून साचते. १९५७ साली दहिवराने जवळजवळ सगळे पीक नेले. त्यानंतरच्या काळात वेलींच्या ओळींमधून तेलाच्या शेगड्या पेटविण्याचा प्रघात पडला. दुसरा उपाय ऐकताना चमत्कारिक वाटतो: गोठत्या रात्री वेलींवर पाणी फवारायचे! परंतु पाण्याचे बर्फ होताना उष्णता बाहेर पडते. म्हणून बर्फाच्या कवचातील कोवळा डोळा शून्य अंशाच्या आसपासच राहतो. मात्र फवारा अखंड चालू ठेवावा लागतो. मध्येच तो थांबला, तर बाष्पीभवनाने कवच अधिकच थंड होते आणि रक्षणाऐवजी नाश ओढवतो. पंप बंद पडू नये म्हणून माणसे रात्रभर जागतात.

या उपायांच्या आधाराने लागवड वाढत जाऊन आज ५,००० हेक्टरांच्या वर गेली आहे. धोका मात्र टळलेला नाही. हिवाळे सौम्य झाल्याने डोळे लवकर फुटतात, पण एप्रिलची थंड रात्र अधूनमधून येतेच. २०२० साली उष्णतेमुळे तोडणी ऑगस्टअखेरीसच सुरू झाली. लगेच पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, त्याच उतारांवर रात्रीमागून रात्री शेगड्यांच्या रांगा पेटल्या, आणि तरीही पिकाचा मोठा हिस्सा हातचा गेला.