'असूनही'ची करामत

'खाप्याची असूनही किती शुद्ध मराठी बोलतेस गं!'

खापा हे नागपूर जिल्ह्यातलं गाव. म्हणणाऱ्याच्या मनात निव्वळ कौतुक असतं. ऐकणारीला मात्र काहीतरी टोचतं, आणि काय टोचलं ते चटकन सांगता येत नाही. ती 'थँक्यू' म्हणाली तर खाप्याचे लोक शुद्ध बोलत नाहीत, हे तिनंही मान्य केल्यासारखं होतं. 'छे, कुठलं शुद्ध!' म्हणाली तरी तेच. हो म्हणा, नाही म्हणा, 'असूनही' जागचा हलत नाही!

गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं 1892 सालीच हे हेरलं होतं. 'जरी' या अर्थाच्या शब्दानं विधानाच्या खरेखोटेपणात काही फरक पडत नाही, पण त्यावर एक वेगळाच प्रकाश पडतो. मुलगी खाप्याची आहे हे खरं, छान बोलते हेही खरं. अपमान आहे तो या दोन खऱ्या गोष्टींच्या सांध्यात. 'सुद्धा', 'निदान', 'नुसतं', 'एवढंच' हे याच टोळीतले. कन्हानकाठच्या खाप्यात हातमागाची जुनी परंपरा आहे. तिथल्या विणकराला 'तुम्हीसुद्धा मोबाइलवर हिशेब ठेवता?' असं विचारून बघा.

आता त्या 'शुद्ध'कडे वळू. 'मी जेवून राहिलो' हे नागपुरी वाक्य ऐकून पुण्यात हसू फुटतं. पण 'येऊन राहिलो', 'करून राहिली', 'पाहून राहिले' ही रूपं किती नियमानं चालतात पाहा! तेही व्याकरणच आहे, फक्त शाळेच्या पुस्तकात न छापलेलं. नागपूर आधी मध्य प्रांताची आणि पुढे 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्यामुळे हिंदीचा शेजार पिढ्यान् पिढ्यांचा, आणि त्याचीच छाप या रूपांवर. भाषाभ्यासक ग्रिअर्सननं भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीवरचा खंड 1905 मध्ये काढला, त्यात नागपुरीची नोंद मराठीची बोली म्हणून आहे, बिघडलेली मराठी म्हणून नव्हे.

सर्वनामांची गंमत तर आणखी न्यारी. 'आपण बसावं' यात केवढा आदर! आणि सत्तरीच्या आजोबांना दवाखान्यात 'आता आपण गोळी घेऊ या हं' म्हटलं की त्याच 'आपण'नं त्यांचं बाळ होतं. गोळी तर एकटे आजोबाच घेणार असतात.

मग कमीपणा शब्दातच असतो का? नाही. नागपुरात दोस्त दोस्ताला 'काय करून राहिला बे?' म्हणतो, त्यात माया असते. तोच 'बे' साहेबानं शिपायाला लावला की झोंबतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी 1960 मध्ये युरोपीय भाषांतल्या 'तू-तुम्ही'चा अभ्यास करून याचं मर्म सांगितलं: दोन्हीकडून आलेला 'तू' जवळीक दाखवतो, एकाच बाजूनं आलेला 'तू' सत्ता दाखवतो. आई आपल्याला 'तू' म्हणते, आपणही तिला 'तू' म्हणतो. तिथं कुणीच लहान होत नाही.

म्हणजे कसोटी अगदी हाताशी आहे. आपण बोललो ते समोरच्यानं जसंच्या तसं आपल्याला ऐकवलं, तर चालेल का? 'पुण्याची असूनही किती छान नागपुरी बोलतेस गं!' हे ऐकून आधी कपाळाला आठी पडते की हसू येतं, ते ज्यानं त्यानं तपासावं.