बोनेट गरम आहे

मिस्त्री गाडीभोवती फेरी मारत नाहीत, दार उघडत नाहीत, किंमतही विचारत नाहीत. सरळ पुढे जातात, बोनेटवर तळहात ठेवतात आणि तसेच उभे राहतात. रविवारचे साडेनऊ वाजलेत. चिंचवडच्या जुन्या हायवेलगतचं हे यार्ड नुकतंच उघडलंय, पोऱ्या अजून काचांवर पाणी मारतोय.

"गरम आहे," मिस्त्री म्हणतात.

"धुवायला पुढे घेतली ना, सकाळी," यार्डवाला हसून सांगतो.

मिस्त्री काही बोलत नाहीत. रात्रभर उभं राहिलेलं डिझेल इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात आपली सगळी कुंडली सांगून टाकतं. किल्ली फिरवली की किती वेळ कण्हतं, पांढरा धूर किती सोडतं, टायमिंग चेन किती खडखडते, ते सगळं. ते अर्धं मिनिट कोणीतरी आधीच वापरून टाकलंय. "बंदच राहू द्या. तासभर थांबतो आम्ही," मिस्त्री सांगतात आणि झाकलेल्या बोनेटकडे पाठ करून टायरांपाशी बसतात.

माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, मात्र मनाने केव्हाच स्टिअरिंगवर बसलेला दिसतो. गाडी २०१४ सालची अर्टिगा, डिझेल, पांढरी, सात जणांची. काचेवर ३ लाख ६० हजारांची चिठ्ठी. याच सालाची एमएच पाटीची दुसरी अर्टिगा चार गाड्या सोडून ४ लाख ६० हजारांना उभी आहे. मधल्या लाखाचं कारण बंपरवरच लिहिलंय: पाटी दिल्लीची आहे.

दहा वर्षांपेक्षा जुनी डिझेल गाडी दिल्ली-एनसीआरच्या रस्त्यावर नको, हा हरित लवादाचा आदेश २०१५चा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतर धोरणाच्या धरसोडी बऱ्याच झाल्या, पण तिथल्या मालकाच्या मनात एकदा धास्ती बसली ती बसली. वय भरत आलं की तो एनओसी काढतो, आणि गाडी ज्या राज्यात चालते त्या राज्याकडे निघते. इंजिन तेच, पत्रा तोच, फक्त तिथल्या रस्त्याचा तिला भरवसा उरलेला नाही. दिल्लीची गाडी म्हणजे खराब गाडी, असं मात्र नाही. समुद्रकाठच्या गाडीसारखा तिचा तळ गंजाने खाल्लेला नसतो. मिस्त्री खाली वाकून टॉर्च मारतात आणि समाधानाने "हं" करतात.

मग सीटबेल्ट. तो मिस्त्री शेवटपर्यंत ओढून काढतात आणि पट्ट्यावर बोट फिरवतात. "पाण्यात बुडालेली गाडी सीटं धुऊन विकता येते. पट्ट्याचं शेवटचं टोक कोणी धूत नाही." २०१९च्या पुरानंतर सांगलीकडची एक गाडी त्यांनी अशीच पकडली होती म्हणे. इथे पट्टा स्वच्छ आहे.

मीटर ७८ हजार दाखवतंय. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र मधोमध गुळगुळीत झालंय, आणि ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड खचलीय. दाराच्या खांबावर ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर नखाने खरवडलेलं आहे. पूर्ण निघालेलं नाही. तारीख गेलीय, शेवटचे आकडे गेलेत, पण सुरुवातीचे १ आणि १ अजून वाचता येतात.

"एक लाख दहा हजारांच्या पुढे कधीच गेलीय," मिस्त्री शांतपणे म्हणतात. "पण त्याचं मला एवढं काही नाही. हे इंजिन अडीच लाख करतं, ऑइल वेळेवर बदललं असेल तर."

हे इंजिन म्हणजे फियाटचं १.३ लिटरचं डिझेल. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंतो, सगळ्यांच्या बोनेटखाली हेच. रांजणगावातही ते बनायचं. गल्लीतल्या कोणत्याही फिटरला ते डोळे मिटून उघडता येतं, म्हणूनच दादाचा त्याच्यावर जीव. बीएस-सहा आलं तेव्हा, एप्रिल २०२० पासून, मारुतीने डिझेल गाड्या काढणंच बंद केलं. त्यामुळे आता मिळेल ते जुनंच.

वहिनीचा मात्र स्टिकर पाहून चेहरा बदललाय. ती पतसंस्थेत कर्जाचं काम बघते. "इंजिनाला चालेल हो मिस्त्री. पण ज्याने आकडा फिरवला तो बाकीचं खरं कशावरून सांगेल?"

"दुसऱ्या गाडीचं दार असेल ते," यार्डवाला म्हणतो. मग त्याच्या लक्षात येतं, की हे सांगणं त्याहून वाईट आहे.

मावशी एवढ्यात मधल्या सीटवर चढून बघते. गुडघ्यांचं दुखणं तिचंच, त्यामुळे निम्मी गाडी तिच्यासाठी घ्यायची आहे. पायरी जमते. मुलं मागच्या ओळीत घुसलीत आणि तिथून उठायला तयार नाहीत. गाव पाटणच्या पुढे. सहा माणसं, तांदळाची पोती, परतताना फणस. पेट्रोलची छोटी गाडी खंबाटकीत कशी धापा टाकते ते दादाने भाड्याच्या गाड्यांतून पाहिलंय, आणि तो दर पाच मिनिटांनी खंबाटकीवर येतो.

"महिन्याला किती चालणार?" मिस्त्री विचारतात.

दादा कंपनीच्या बसने कामाला जातो. भाजी स्कूटरवर. गाव दीड-दोन महिन्यांतून एकदा. हजार, तो म्हणतो. वहिनी सहाशे म्हणते. सहाशे खरं आहे, मला माहीत आहे.

वहिनी फोनवर हिशोब मांडते. डिझेल नव्वद रुपये धरलं आणि गाडीने अठराचं ॲव्हरेज दिलं, तर किलोमीटरला पाच रुपये. तेवढीच पेट्रोल अर्टिगा, पेट्रोल एकशे चार आणि ॲव्हरेज तेरा, तर आठ रुपये. किलोमीटरमागे तीन रुपये वाचले. सहाशेला अठराशे. वर्षाला एकवीस-बावीस हजार.

"बघ!" दादा म्हणतो.

"क्लच?" वहिनी मिस्त्रींना विचारते.

"दाबताना जड लागतोय. वर्षभरात निघेल. इंजेक्टर चार, त्यातला एक गेला तरी दहा हजारांच्या घरात. टर्बोचं बोलतच नाही मी."

म्हणजे एका वर्षाची बचत एका खेपेला गॅरेजात. डिझेलचा सगळा मोह मुळात २०१२ सालच्या हिशोबाचा आहे, असं मला तिथे उभ्याउभ्या वाटत राहतं. त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३च्या वर गेलं होतं आणि डिझेल ४१च्या आत होतं. ही अर्टिगा त्याच वर्षी बाजारात आली. २०१४च्या ऑक्टोबरात डिझेलचे भाव मोकळे झाले आणि ती दरी बुजत गेली. दादाच्या डोक्यात मात्र दरी अजून तेवढीच खोल आहे. वर मिस्त्री जे सांगतात त्याकडे त्याचं लक्ष नाही: रोज दोन किलोमीटर फिरवायची आणि उभी करायची, असं केलं तर डिझेल आजारी पडतं. इंजिन पुरतं तापतच नाही, ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचत जाते. तिला लांब पळवावं लागतं.

तासाभराने बोनेट कोमट झालंय. मिस्त्री गाडी सुरू करतात, ऑइलचं झाकण उघडून उलटं तसंच ठेवतात. झाकण थरथरतं, पण उडत नाही. धूर नावाला. चेन किंचित बोलते. "चांगली आहे," ते म्हणतात, आणि त्यांच्या तोंडचं हे सकाळपासूनचं पहिलं कौतुक.

हायवेवर दादा चालवतो. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी झोपलेली, तिसऱ्या गिअरमध्ये मागचा ट्रक हॉर्न मारतोय. मग एकदम टर्बो जागा होतो आणि सगळेच पाठीला टेकतो. मुलं ओरडतात. दादा हसतोय, आणि या हसण्यापुढे वहिनीचा हिशोब टिकणं अवघड आहे. गाडी परत आणल्यावर मिस्त्री त्याला लगेच बंद करू देत नाहीत. "मिनिटभर चालू राहू दे. टर्बोला श्वास घेऊ दे."

आता टेबलापाशी कागद. आरसी दिल्लीच्या एका गृहस्थांची, एकच मालक. एनओसी आहे. विक्रीच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सही आहे, खरेदीदाराचा रकाना कोरा. वहिनी तो रकाना बोटाने दाखवते.

"इथला रोड टॅक्स?"

"तो तुम्हाला भरावा लागेल मॅडम. गाडी जुनी आहे, कमी बसतो."

"नोंदणी २०२९ पर्यंतच. पुढे फिटनेस, पर्यावरण कर." ती चिठ्ठीवरची रक्कम खोडून खाली लिहिते: तीन लाख, एमएच पाटी करून, नाव चढवून. अर्धे पैसे आज नाहीत, टोकन नाही. नाव चढल्याची नोंद ऑनलाइन दिसली की पूर्ण पैसे.

दादा घसा खाकरतो. मावशी म्हणते, "ऐक तिचं."

यार्डवाला चिठ्ठी वाचतो, परत वाचतो. "तीनमध्ये नाही बसत मॅडम. तीन तीसपर्यंत बघतो. पार्टीला फोन करून विचारावं लागेल."

"विचारा ना," वहिनी म्हणते. "पार्टी म्हणजे आरसीवरचे दिल्लीवाले, की मधलं कोणी?"

यार्डवाला फोन उचलून बाहेर जातो.